वटारच्या विहिरीचे थेंब

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. कपाटाला काच असल्यामुळे परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, छोटा तराजू असं सगळं बाहेरून छान दिसायचं. मी रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी ते मला कौतुकानं दाखवलं आणि किल्ली सापडली की वापरा म्हणाले. नव्वदचं दशक सरत आलं तरी ती सापडली नव्हती. मी मूळची घाटावरची, लग्न होऊन सोपाऱ्याच्या पूर्वेला आचोळ्याच्या एका बिल्डिंगमध्ये आलेली, आणि डोकं तापायला मला फार वेळ लागत नाही. कुलूप तोडा असं दोनदा लेखी कळवलं, मग तो नाद सोडला आणि मुलांना घरून वस्तू आणायला सांगितल्या.

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटायच्या आधीचा तास आमचा. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल करायचा, लिंबाच्या रसानं लिहून इस्त्रीनं अक्षरं उमटवायची, मीठ घालत घालत अंडं तरंगवायचं. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणायचे, तुमच्या तासाला फक्त फोडणीचा वास यायचा राहिलाय. मी म्हणायचे, तोही येईल. मुलांना मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती माझी नक्कलही त्याच वाक्यानं करायची: प्रयोग खोटं बोलत नाही.

सातवीच्या पुस्तकात पाण्याचा धडा होता. ज्या पाण्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. मुलांना हे शब्द पाठ करायला मी लावणारच नव्हते, कारण पाणी हा विषय त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. शाळा सोपाऱ्याच्या पश्चिमेला असल्यामुळे वर्गात दोन्हीकडची मुलं होती. पूर्वेकडच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांच्या घरी दोन पाणी असायची, बोअरिंगचं वापरायला आणि टँकरचं प्यायला. वटार, भुईगाव या किनाऱ्याकडच्या गावांतून येणाऱ्यांच्या घरी केळी-पानवेलींची वाडी आणि वाडीत विहीर. टँकर त्याच विहिरींवर भरून आमच्याकडे यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि वर्गात त्यावरून चिडवाचिडवीही चालायची.

मी सांगितलं, प्रत्येकानं घरच्या पाण्याची बाटली आणायची. औषधाच्या दुकानातून मी सारख्या मापाच्या रिकाम्या बाटल्या मिळवल्या होत्या. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं आणि त्यात कपड्याचा साबण किसून विरघळवला. प्रत्येक बाटलीत सारखंच पाणी घ्यायचं, ड्रॉपरनं साबणाचा एक थेंब टाकायचा, हलवायचं, पुन्हा एक थेंब. फेस टिकून राहिला की थांबायचं आणि थेंब मोजायचे. जितके जास्त थेंब, तितकं पाणी वाईट.

बाटल्या टेबलावर मांडल्या तेव्हा वटारची एक मुलगी माझ्याजवळ आली. बारीक, दोन घट्ट वेण्यांची, वर्गात हात वर करताना बाकावरून अर्धी उठणारी. ती म्हणाली, त्यांच्या विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलंय, पण बाबा मानत नाहीत. वाडीत खेळताना ती मोटरच्या तोंडाशी पाणी पिते, तिथं तिला चव लागते. केळीच्या पानांच्या कडा करपतात, पानवेल तर गेलीच. बाबा म्हणतात खत जास्त पडलं. आता टँकरवाला सकाळच्या खेपेबरोबर संध्याकाळचीही खेप मागत होता आणि बाबा रविवारी त्याला काय ते सांगणार होते.

"साबणानं सांगितलं तर बाबा ऐकतील ना, बाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ऐकावंच लागेल.

तासभर वर्गात नुसता गोंगाट. आचोळ्याच्या बोअरिंगनं वीस-पंचवीस थेंब गिळले तरी फेसाचा पत्ता नाही, वर दह्यासारखी साय. सगळ्यात आश्चर्य भुईगावच्या मुलाच्या बाटलीचं. त्याच्या घरात समुद्राची गाज ऐकू येते, पण विहिरीचं पाणी दहाव्या थेंबाला फेसाळलं. वर्गानं त्याला खोटारडा ठरवलं, त्यानं आईची शपथ घेतली. मग वटारच्या बाटलीची पाळी आली. सहाव्या थेंबाला बाटली फेसानं गळ्यापर्यंत भरली. अख्ख्या वर्गात सगळ्यात चांगलं पाणी तिचं होतं.

ती म्हणाली, असं नाही होणार, बाई. मी हसले. भर वर्गात तिला म्हटलं, "आपल्याला वाटतं ते खरं नसतं, बाटली सांगते ते खरं. प्रयोग खोटं बोलत नाही." वर्गही हसला. तिनं वहीत सहा लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

मंगळवारी मी तिला सहज विचारलं, बाबांना सांगितलंस का? ती म्हणाली, बाबांनी विचारलं, मी सहा सांगितलं. बाबा खूश झाले आणि संध्याकाळची खेप देऊन टाकली. एवढं बोलून ती पुढं गेली. तिचा सूर तक्रारीचा नव्हता आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगला रोज संध्याकाळी टँकर येऊ लागला होता. आधी तो दिवसाआड यायचा. मी दोन्ही पिंपं काठोकाठ भरून ठेवत होते आणि खूश होते.

पुढच्या शनिवारी भुईगावचं कोडं सोडवायचं होतं. समुद्राला लागून असलेल्या विहिरीत गोडं पाणी कसं? मी काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी घेतलं, त्यात नीळ घातली आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी अगदी हळू ओतलं. खाली निळं, वर स्वच्छ, मध्ये रेघ. मुलं बाकांवर चढून बघत होती. मी म्हटलं, पावसाचं गोडं पाणी हलकं, ते जमिनीत खारट पाण्यावर असं तरंगत राहतं. मग वर स्ट्रॉ धरून हळू पाणी ओढलं तर स्वच्छ पाणी आलं, जोरात ओढलं तर खालचं निळं वर चढून नळीत आलं. नीळ तोंडात गेली म्हणून मी थू थू केलं आणि वर्गाची करमणूक झाली. वटारची मुलगी तेवढी हसली नाही. ती ग्लासाकडे बघत राहिली होती.

तास संपल्यावर ती थांबली. "बाई, घरी भरलेलं पाणी शाळेत येईपर्यंत बाटलीत बदलतं का?" तिनं विचारलं. शुक्रवारी पुन्हा ती मोटरपाशी पाणी प्यायली होती आणि चव तशीच होती, उलट जास्तच. मला पहिल्यांदा राग आला, कारण माझ्या बाटलीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. पण प्रश्न चोख होता. बदलतं का, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नसलेली गोष्ट मला रात्री जेवताना टोचत राहते.

मग आठवडाभर आमच्या गॅलरीत बाटल्यांची रांग. एकच बोअरिंगचं पाणी एका बाटलीत उन्हात, एकात सावलीत, एक दप्तरात ठेवून शाळेत नेऊन परत आणलेली, एक नुसती हलवलेली. नवरा म्हणाला, घरात औषधं वाढलीत का? रोज थेंब मोजले. एका थेंबाचा इकडेतिकडे फरक, बाकी काही नाही. स्टीलच्या ताटल्यांमध्ये पाणी वाळवूनही पाहिलं, सगळीकडे सारखंच पांढरं. म्हणजे पाणी बाटलीत बदलत नाही. मग मला सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी पाण्याबद्दल सगळं विचारलं होतं, बाटली कुणी भरली हे विचारलं नव्हतं.

आईनं, विचारल्यावर ती म्हणाली.

रविवारी मी बाटल्या, ड्रॉपर, साबणाचं पाणी आणि थोडं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी पिशवीत घालून बसनं वटारला गेले. वाडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळी होत्या. पानांच्या कडा खरंच तपकिरी पडल्या होत्या, जणू कुणी मेणबत्ती फिरवली. मुलगी रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. तिच्या वडिलांनी ओटीवर सतरंजी घातली होती. माणूस शांत, हात चिखलाचे, बोलण्यात आदर. बाई घरी आल्या म्हणून त्यांना इतका आनंद झाला की मी कशाला आलेय हे सांगायला माझी जीभ रेटेना. आधी जेवा, म्हणाले.

भात, वरण, वालाचं बिरडं. डाळ लोण्यासारखी शिजली होती. मी मुलीच्या आईला म्हटलं, आमच्याकडे बोअरिंगच्या पाण्यात दहा शिट्ट्या केल्या तरी डाळ बोटचेपी होत नाही, तुमची विहीर खरंच चांगली. त्यांनी पळी खाली ठेवली. नवरा हात धुवायला मागे गेला होता तेवढ्यात त्या हळू म्हणाल्या, "आमच्या पान्यात नाय शिजत, बाई. शेजारनं आनते."

मग सगळंच निघालं. दिवाळीपासून विहिरीचं पाणी मचूळ लागत होतं. त्या रोज पहाटे शेजारच्या वाडीतून प्यायच्या पाण्याचे दोन हंडे आणत होत्या. शेजारची वाडी समुद्रापासून जरा आत, त्यांनी टँकर कधी लावला नव्हता. आणि बाटली? "तुमच्याकडं मचूळ पानी कसं धाडायचं? बाईंला असलं पानी दिलं म्हनतील." म्हणून पोरीच्या बाटलीत त्यांनी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी भरलं होतं, पाहुण्याला देतात तसं. आणि नवरा? तो माठातलंच पाणी पीत होता. त्याला त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यानं विचारलं नव्हतं.

ज्या माणसाला आपली विहीर गोडी आहे असं वाटत होतं, तो शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी पीत होता. आणि मी त्याच शेजाऱ्याच्या विहिरीचे थेंब मोजून त्याच्या पोरीला भर वर्गात गप्प केलं होतं. आधी मला त्या बाईंचा राग आला, पण तो दोन मिनिटंही टिकला नाही. मग नुसती शरम वाटली. एवढी शरम मला शिकवण्याच्या कामात त्याआधी वाटली नव्हती.

जेवण झाल्यावर मी वडिलांना म्हटलं, माझा प्रयोग चुकला, बाटलीत पाणी दुसरं होतं, मला आज परत करायचाय. कुणाचं पाणी ते मी सांगितलं नाही. ते म्हणाले, करा की. विहिरीत बादली सोडून पाणी मुलीनं स्वतः काढलं, बाटली तिनंच भरली. चौदा थेंब लागले. तोवर ऊन कललं होतं आणि टँकर आला. ड्रायव्हर मला ओळखत होता, कारण पाइप दारात टाकण्यावरून आमचं नेहमी भांडण व्हायचं.

"मॅडम, तुम्ही इधर कुठं?" तो म्हणाला. "ही खेप तुमच्याच बिल्डिंगची."

म्हणजे माझ्या सहा थेंबांनी सुरू झालेली संध्याकाळची खेप माझ्याच पिंपात येत होती. मोटर सुरू झाली. आम्ही सगळे पाण्याची पातळी खाली जाताना बघत उभे राहिलो. आतल्या दगडांचे ओले पट्टे एकेक करून वर दिसू लागले. टँकर भरून गेल्यावर मुलीनं पुन्हा बादली सोडली. या वेळी बावीस थेंब लागले आणि फेस आला तोही लगेच बसला.

वडील म्हणाले, साबण खराब झालं असेल. शंका रास्त होती. मी पिशवीतून बॅटरीचं पाणी काढून त्यात एक थेंब टाकला, लगेच फेस. मग त्यांनी ड्रॉपर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मोजायला बसले. ओठ हलवत, थेंब टाकत, बाटली कानाशी धरून हलवत. त्यांचेही बावीस झाले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं विचारला नव्हता.

"विहीर तीच, पानी तेच. नुसतं उपसल्यानं खारट कसं होईल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मुलगी घरात गेली होती. ती काचेचा ग्लास घेऊन आली आणि आईच्या फळीवरची कोकमाच्या आगळाची बाटली. आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा गडद लाल रस, पाण्याहून जड. नीळ तिनं मुद्दाम घेतली नव्हती, कारण बाबांना ते प्यायचं होतं. ग्लासाच्या तळाशी तिनं आगळ ओतलं आणि चमच्याच्या पाठीवरून माठातलं, म्हणजे शेजारच्या विहिरीचं, पाणी सोडलं, माझ्यापेक्षा हळू. खाली लाल, वर स्वच्छ. स्ट्रॉ नव्हती. तिनं पपईच्या पानाचा वाळलेला पोकळ देठ धुऊन आणला आणि त्याचं टोक लाल रंगाच्या जरा वर धरलं.

"बाबा, हळू ओढा," ती म्हणाली. त्यांनी ओढलं. पाणी, ते म्हणाले, गोडं.

"आता टँकरसारखं ओढा."

त्यांनी गाल आत जाईपर्यंत ओढलं. लाल रस शेपटासारखा वर उठला आणि देठात शिरला. त्यांचं तोंड आंबट, खारट झालं. ते थुंकले नाहीत, गिळलं. मग त्यांनी तिला दुसरा ग्लास भरायला सांगितला आणि पुन्हा तेच केलं, एकदा हळू, एकदा जोरात. तिसऱ्या वेळी किती हळू ओढलं तर लाल वर येत नाही हे ते शोधत होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस माझ्या वर्गात हवा होता.

ग्लास खाली ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं. माठातलं पाणी कुठलं, त्यांनी विचारलं. शेजारचं, त्या म्हणाल्या. कधीपासून? दिवाळीपासून. ते उठून केळीच्या रांगेत गेले, एका पानाची करपलेली कड बोटांत चुरडली आणि परत आले. संध्याकाळची खेप उद्यापासून बंद, म्हणाले. होळीनंतर सकाळचीही बंद, पाऊस पडेपर्यंत.

मुलगी आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं होतं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, मग तुम्ही काय पिणार?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी बघू म्हटलं आणि चप्पल घातली.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर लिहिलं: सहा थेंब, शेजारची विहीर. चौदा आणि बावीस, घरची. मी चुकले होते आणि ही मुलगी बरोबर होती, हे मी तितक्याच मोठ्यानं सांगितलं जितक्या मोठ्यानं त्या दिवशी हसले होते. तिनं वहीतला सहा खोडला नाही, त्याच्यासमोर शेजाऱ्यांचं असं लिहिलं.

त्याच संध्याकाळी आमच्या बिल्डिंगचा टँकर आला नाही. मंगळवारीही नाही, कारण आमची आधीची दिवसाआडची खेप टँकरवाल्यानं दुसऱ्या बिल्डिंगला लावली होती. बुधवारी सगळ्या बायका हंडे-कळशा घेऊन नाक्यावरच्या सार्वजनिक नळावर. नळाला धार करंगळीएवढी. गाववाले माजलेत, पाण्यावर बसलेत, असं एकीनं म्हटलं. दुसरी म्हणाली, त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं असणार. मला गप्प बसता आलं असतं. आयुष्यात बऱ्याचदा नको तिथं तोंड उघडलेल्या मला त्या दिवशी गप्प बसावंसं फार वाटलं.

"मी भरवलं," मी म्हटलं. मग साबण, थेंब, विहीर, लाल रस, सगळं सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. एक-दोघींनी विचारलंही, आपल्या बोअरिंगला किती थेंब लागतात म्हणून. मला वाटलं, कळलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर गेले तेव्हा पहाटे नंबर लावून ठेवलेला माझा हंडा पहिल्या पाचांत नव्हता. तो रांगेच्या अगदी शेवटी सरकवलेला होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी शेवटी जाऊन हंड्यापाशी उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर भरला.